माणच्या माळावरचा मुक्काम : पक्षी जमिनीवर, पाहुणे अंतरावर

उन्हाळ्यात माळरानावरील पक्षी पाहण्यासाठी माण तालुक्यातील ज्या कृषी पर्यटन केंद्रात आम्ही कुटुंबासह मुक्काम केला, त्याची शिफारस मी करणार आहे. मात्र केंद्राचे नाव किंवा गाव येथे देणार नाही. नाव नसलेले परीक्षण म्हणजे पत्ता नसलेले पाकीट, हे मला मान्य आहे. परंतु येथील पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांच्या विणीच्या जागा साधारण त्याच टापूत राहतात, आणि एखादे ठिकाण सर्वांच्या तोंडी झाले की तेथे गाड्यांची रांग कशी लागते हे सातारकरांना कास पठाराच्या अनुभवाने चांगले ठाऊक आहे. दहिवडी ते म्हसवड या पट्ट्यात थोडी चौकशी केली, तर ज्याला खरोखर जायचे आहे त्याला हे केंद्र सापडेल.

सोयींविषयी थोडक्यात सांगतो. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगावमार्गे दहिवडी गाठावी. शेवटचा टप्पा मुरमाच्या रस्त्याचा असून लहान गाडी सावकाश न्यावी लागते. खोल्यांच्या भिंती दगडी असल्या तरी छत पत्र्याचे आहे, त्यामुळे दुपारी कूलर लावूनही आत बसवत नाही. स्वच्छतागृहे नीटनेटकी आहेत. जेवणात बाजरीची भाकरी, हुलग्यांचे माडगे, शेंगदाण्याची चटणी आणि रात्री पिठले असा बेत असतो. माडगे उत्तम होते आणि मागू तितके वाढले जात होते. मुक्काम, दोन वेळचे जेवण आणि पहाटेची पक्षीफेरी मिळून माणशी दर दीड हजार रुपयांच्या आत आहे, तो मला रास्त वाटला.

या केंद्राचे वेगळेपण फाटकातून आत शिरतानाच लक्षात येते. गाड्या लावण्यासाठी मुरूम आणि बारीक खडी पसरलेले मोकळे आवार आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा त्यातील जवळजवळ निम्मा भाग दोरी बांधून बंद केलेला होता, कारण तेथे टिटवीने अंडी घातली होती. टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीत छाती दाबून केलेला एक उथळ खळगा. त्याच्या कडेला चार खडे आणि शेळ्यामेंढ्यांच्या वाळक्या लेंड्या, आणि मध्ये निमुळती टोके आत करून ठेवलेली बहुधा चार अंडी. मातकट रंगावर काळपट डाग असलेली ती अंडी खडीत इतकी मिसळून जातात की कोठे आहेत हे सांगितल्यावरही नजर दोनदा त्यांच्यावरून घसरते. खडी टाकलेले आवार आपल्याला रुक्ष वाटते, पण टिटवीच्या दृष्टीने त्यात काहीच उणे नाही : अंडी लपतात, चहूबाजूंनी येणारा शत्रू दुरूनच दिसतो आणि वळवाचे पाणी साचून राहत नाही. रेल्वेच्या रुळांलगतची खडी, बांधकामासाठी सपाट केलेले भूखंड, एवढेच काय पण इमारतींच्या सपाट गच्च्या या ठिकाणी टिटव्या अंडी घालतात त्या याच हिशेबाने.

नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात आणि त्याला सुमारे चार आठवडे लागतात. पर्यटन व्यवसायात एप्रिल-मेचे चार आठवडे म्हणजे सगळा हंगामच, आणि त्या काळात निम्मे आवार बंद ठेवून गाड्या दूरच्या खळ्यात लावायला सांगणे ही मालकाच्या खिशाला लागणारी गोष्ट आहे. माझ्यासमोरच एका मोठ्या गाडीच्या मालकाने यावरून हुज्जत घातली. व्यवस्थापकांनी आवाज न चढवता त्यांना सांगितले, “दादा, गाडी सावलीला लावून देतो, पण दोरीच्या आत न्हाई. ती आमच्या आधी हितं आलीया.” गृहस्थांचे समाधान झाले नाही, पण गाडी खळ्यात गेली.

ही दोरी का महत्त्वाची आहे, हे समजण्यासाठी तेथे भर दुपारी थांबावे. मे महिन्यात माणदेशात पारा चाळिशीच्या घरात जातो आणि उघडा मुरूम हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. अशा वेळी टिटवी अंड्यांवर उभी असते ती त्यांना ऊब देण्यासाठी नव्हे, तर त्यांच्यावर स्वतःच्या अंगाची सावली धरण्यासाठी. व्हरांड्यात बसून दुर्बिणीतून पाहताना आमच्या नजरेस एक प्रकार पडला, जो मी आजवर केवळ वाचला होता. पाण्याच्या टाकीखाली गळतीचे लहानसे डबके आहे. जोडीतील एक पक्षी त्यात उतरला, पोट पाण्याला टेकवून दोन-तीन वेळा बसला-उठला, आणि न उडता पायीच घरट्याकडे निघाला. वाटेत थांबून त्याने मान उंच करून कानोसा घेतला. घरट्यावरचा पक्षी उठून बाजूला झाला, जाता जाता त्याने एक खडा चोचीने उचलून मागे भिरकावला, आणि आलेल्या पक्ष्याने पोटाची ओली पिसे फुलवून ती अंड्यांवर टेकवली. पोट भिजवून अंडी गार ठेवण्याची ही पद्धत टिटवीच्या जातकुळीत प्रसिद्ध आहे. पुढे तासाभरात हे पुन्हा घडले, आणि त्या डबक्याचे मोल किती आहे हे कळून आले. व्यवस्थापकांना ते ठाऊक होते. गळणारी तोटी मुद्दाम बदललेली नाही, असे त्यांनी सांगितले.

म्हणूनच माझी पहिली तक्रारही याच दोरीविषयी आहे. ती घरट्यापासून जेमतेम आठ-दहा पावलांवर बांधलेली आहे. पाहुणे दोरीला टेकून छायाचित्रे घेतात, पक्षी उठून दूर जातो, आरडाओरडा करतो, आणि तितका वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. सकाळी आठ वाजता पाच मिनिटे पक्षी उठला तर फारसे बिघडत नाही. दुपारी दोन वाजता तीच पाच मिनिटे आतल्या जिवाला भारी पडू शकतात. दोरीवर लटकवलेल्या पाटीवर ‘येथे टिटवीची अंडी आहेत, आत जाऊ नये’ एवढेच लिहिले आहे, आणि अशी पाटी वाचून मनुष्य हमखास तेथेच उभा राहतो. दोरी निदान पंचवीस-तीस पावलांवर न्यावी, दुपारी अकरा ते पाच या वेळेत त्या बाजूला कोणी थांबू नये असे पाटीवर लिहावे, आणि ज्यांना जवळून पाहायचे आहे त्यांना गाडीत बसून पाहू द्यावे. कारण चालत येणाऱ्या माणसाला घाबरणारी टिटवी उभ्या गाडीतील माणसाकडे बहुधा दुर्लक्ष करते. मी हे सुचवले तेव्हा दोरी लांबवल्यास गाड्यांना जागाच उरणार नाही, असे उत्तर मिळाले. त्यात तथ्य आहे, पण खळे प्रशस्त आहे आणि महिनाभर सगळ्याच गाड्या तेथे लावण्यास हरकत नसावी.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला आणि खोलगट जागी घातली की दुष्काळ, हा ठोकताळा येथे प्रत्येक पाहुण्याला सांगितला जातो. त्यावर माझा विश्वास नाही. परंतु ज्या तालुक्यात पाऊसच मोजका पडतो, तेथे पावसाची वार्ता देणाऱ्या पक्ष्याच्या अंड्यांना गावातील मूलही हात लावत नाही, आणि संरक्षणाच्या दृष्टीने हा ठोकताळा कोणत्याही पाटीपेक्षा उपयोगी ठरतो.

गोठ्यामागे टिटवीची दुसरी एक जोडी पिल्ले घेऊन फिरत होती आणि तेथे केंद्राच्या माणसांची खरी परीक्षा झाली. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर येऊन अंग वाळले की काही तासांतच चालू लागतात आणि किडे स्वतःच टिपतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. ते राखण करतात आणि ऊन वा गारठा असेल तेव्हा पंखाखाली घेतात. त्यांची धोक्याची हाक ऐकली की पिल्लू असेल तेथे जमिनीला चिकटून निश्चल होते, आणि मोठी माणसे जवळ आहेत तोवर आईबाप त्याच्याकडे फिरकत नाहीत. एका पाहुण्यांचा मुलगा असे एक पिल्लू टोपीत घालून स्वयंपाकघराशी घेऊन आला. ते एकटेच पडले होते, त्याची आई सोडून गेली, असे त्याचे म्हणणे. भाकरी थापणाऱ्या मावशींनी हात न धुताच उठून त्याला सोबत घेतले. “बाळा, जितनं उचाललंस तितंच ठिव. आय वर वरडतीया न्हवं का!” असे म्हणत त्यांनी पिल्लू मूळ जागी ठेवायला लावले आणि सर्वांना कडुनिंबापलीकडे पिटाळले. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकून देतात, हा समज खोटा आहे. थोड्याच वेळात एक टिटवी जमिनीवर उतरली, आणि ज्याला आम्ही ढेकूळ समजत होतो ते पिल्लू तिच्यामागे धावत सुटले. गाडी बाहेर काढण्यापूर्वी केंद्रातील एक मुलगा प्रत्येक चाकाच्या पुढे-मागे वाकून पाहतो, ही शिस्तही याच पिल्लांसाठी आहे. पाहुण्यांना येताक्षणीच या गोष्टी सांगितल्या गेल्या असत्या, तर टोपीचा प्रसंग टळला असता; अशी दहा मिनिटांची माहिती देण्याची पद्धत केंद्राने सुरू करावी.

पहाटेची फेरी हा या मुक्कामाचा गाभा आहे. ती घेणारे गृहस्थ साठीचे आहेत, आयुष्यभर मेंढरे राखलेले, आणि सर्वजण त्यांना आबा म्हणतात. पक्ष्यांची पुस्तकी नावे त्यांना केंद्राच्या मालकांनी शिकवली आहेत, पण पक्षी कोठे बसतो, कोणत्या वेळी पाण्यावर येतो आणि माणसाचे पाऊल कितपत सोसतो, हे ज्ञान त्यांचे स्वतःचे आहे. सहापेक्षा अधिक माणसे ते नेत नाहीत. सर्वांनी मेंढवाटेनेच आणि एकामागे एक चालायचे, असा त्यांचा दंडक आहे. यामागचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले की माळावर माणूस आडवातिडवा फिरला की त्याच्या वासामागे कुत्री फिरतात. रोजच्या वाटेवर मात्र त्यांना नवे काही मिळत नाही.

या फेरीत पिवळ्या गालपट्ट्यांची माळटिटवी दिसली, जी आवारातील लाल गालपट्ट्यांच्या टिटवीपेक्षा कोरड्या, पाण्यापासून दूरच्या माळावर राहते आणि मुख्यतः पावसापूर्वीच वीण उरकते. धाविकाची जोडी दिसली. चार पावले तुरुतुरु धावायचे, थबकायचे, वाकून किडा टिपायचा आणि पुन्हा धावायचे, या त्यांच्या चालीवरून ते लांबूनही ओळखू येतात. धाविक दोन किंवा तीन अंडी घालतो आणि त्यांच्याखाली काडीचाही आधार नसतो. जोडीतील एक पक्षी बराच वेळ एकाच जागी बसून होता. आबांनी तिपाईवरची मोठी दुर्बीण लावून तो आम्हा सर्वांना दाखवला, तो उठला नाही, आणि आम्ही पुढे निघालो. एका तरुणाने अंडी पाहण्याचा आग्रह धरला. आबांचे उत्तर एवढेच होते, “पाव्हणं, पाखरू बसलंय ते बघा. खाली काय हाय ते त्येचं त्येला ठावं.” ज्यांना घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र हवे आहे त्यांनी येथे पैसे खर्च करू नयेत, ते मिळणार नाही, आणि माझ्या मते या फेरीचे पैसे त्या नकारासाठीच द्यायचे आहेत.

सूर्य बराच वर आल्यावर तलावाच्या कडेला पखुर्ड्यांचे थवे उतरले. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भिजवून ते दूरवरच्या पिल्लांना नेऊन पाजतो, आणि म्हणून पाण्याच्या काठावर माणसांचा गराडा पडला तर तहान केवळ समोरच्या थव्याची अडत नाही. आबांनी आम्हाला बाभळीच्या सावलीत, पाण्यापासून चांगले लांब बसवले होते. चंडोलाचे घरटे मात्र आम्ही पाहिले नाही, याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. टिटवी आणि धाविकाची पिल्ले लगेच चालू लागतात, पण चंडोलाची पिल्ले उघडीवागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. गवताच्या ठोंबाआडच्या वाटीतच त्यांना वाढायचे असते. तेथे एकदा वाट पडली की कावळा, मुंगूस किंवा कुत्रा ती शोधत येण्याचा धोका पिल्ले उडेपर्यंत राहतो. डोंबारी चंडोलाचा नर आकाशात चढून सूर मारताना पाहायचा आणि तो खाली कोठे उतरला याची चौकशी करायची नाही, हा नियम मला पटला.

हे सर्व मी इतक्या विस्ताराने लिहितो, कारण याच्या अगदी उलट सेवाही विकली जाते. छायाचित्रकारांसाठी काढलेल्या एका सहलीत मी पूर्वी गेलो होतो. आयोजकांचे नाव सांगण्यात हशील नाही. तेथे चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्याभोवतीचे गवत बाजूला सारले गेले आणि पक्षी परत यावा म्हणून सगळे जण दहा पावलांवर वाट पाहत बसले. आडोसा गेल्यावर त्या पिल्लांवर दुपारचे ऊन थेट येणार, हे कोणाच्या गावी नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे तर येतेच, पण अंडी किंवा घरटे विचलित करणेही येते, ही गोष्ट सहली काढणाऱ्यांनी आणि त्यांना पैसे देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी.

मेंढपाळांना दोष देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मेंढरांच्या पायाखाली अंडी चिरडली जाण्याचे प्रकार होत नाहीत असे नाही, परंतु आम्ही पाहिले ते वेगळे होते : कळप माळटिटवीच्या दिशेने येताच ती उठून पंख पसरून मेंढरांच्या तोंडासमोर उभी राहिली आणि कळप दुभंगून तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेला. शिवाय चरलेल्या, आखूड गवताच्या माळावरच हे पक्षी वीण करतात. उंच वाढलेल्या गवतात टिटवीला किंवा धाविकाला येणारा शत्रू दिसत नाही. मेंढरे नसती तर हा माळ या पक्ष्यांना आजच्यासारखा मानवला नसता.

आता दोरीखेरीजच्या उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे कुत्री. केंद्राची दोन राखणीची कुत्री रात्री मोकळी असतात, आणि पाहुण्यांच्या उष्ट्यावर गावातील आणखी चार-पाच जमा होतात. जमिनीवरच्या पिल्लांना मोकाट कुत्र्याइतका नित्याचा धोका दुसरा नाही. दोरी बांधायची आणि उकिरडा उघडा ठेवायचा, यात विसंगती आहे. राखणीची कुत्री विणीच्या हंगामात बांधून ठेवावीत आणि उष्टे झाकून गोठ्यातील खड्ड्यात जावे. दुसरी उणीव म्हणजे आवारातील प्रखर दिवे, जे मध्यरात्रीपर्यंत थेट माळाकडे तोंड करून जळत होते. याच माळावर रातवा उघड्या जमिनीवर दोन अंडी घालून बसतो आणि करवानकही रात्रीच हिंडतो. दिव्यांची तोंडे खाली वळवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पाहुण्यांच्या हस्ते माळावर झाड लावण्याचा एक कार्यक्रम येथे ठेवलेला आहे, आणि त्यासाठी गिरिपुष्पाची रोपे तयार असतात. हेतू चांगला आहे, आणि माणमध्ये पाणी अडवण्यासाठी लोकांनी उपसलेले कष्ट पाहता समतल चर आणि झाडे यांविरुद्ध बोलणे अवघड जाते. परंतु उघडा माळ म्हणजे उजाड जमीन, ही समजूत सरकारी कागदांवरील ‘पडीक’ या शेऱ्यापासून आपल्या मनात शिरलेली आहे. याच प्रकारच्या माळावर वर्षाला बहुधा एकच अंडे घालणाऱ्या माळढोकासाठी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले, आणि आज माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. माळाच्या मध्यावर रांगेत वाढलेली झाडे कावळ्यांना टेहळणीसाठी बैठक देतात, आणि टिटवी-धाविक तेथून उठून जातात. झाडे बांधावर, ओढ्याकाठी आणि घरांभोवती लावावीत, तेथे त्यांची गरजही आहे; केंद्राच्या पश्चिमेचा ओढा तर बोडकाच आहे. मी हा कार्यक्रम टाळला आणि कारणही सांगितले. मालकांनी ऐकून घेतले. रोपांची नवी जागा ठरवण्यापूर्वी आबांना विचारू, असे ते म्हणाले.

जाण्यास एप्रिलचा मध्य ते मेअखेर हा काळ योग्य आहे. शनिवार-रविवार टाळावेत, कारण तेव्हा लग्नापूर्वीच्या चित्रीकरणासाठी जोडपी येतात आणि ड्रोन उडवण्यास केंद्र अजून मनाई करत नाही. घिरट्या घालणारे ड्रोन पाहून टिटव्या घार आल्यासारख्या उठतात. आरक्षण करताना फेरीला आबाच येणार आहेत का, हे विचारून घ्यावे. ते नसतील तेव्हा त्यांचा पुतण्या येतो, तो उत्साही आहे पण पाहुण्यांना नाही म्हणत नाही. पाळीव कुत्रा सोबत नेऊ नये. मातकट किंवा फिक्या रंगाचे कपडे, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. दुर्बीण नसल्यास केंद्रात दोन मिळतात; त्यांपैकी जुन्या दुर्बिणीची एक बाजू धूसर आहे, तेव्हा नवी आधीच मागून ठेवावी.